मशीन मी चालू केलं नव्हतं

मी बांधकामाचा इंजिनिअर. बहरीनमध्ये येऊन चौदा वर्षं झाली, पण इतक्या वर्षांत हातात पाना धरायची वेळ कधी आली नव्हती. माझं काम स्क्रीनवर. तरी सहा वर्षांपूर्वी मला कोल्ड्रिंकची जुनी मशिनं जमवण्याचं वेड लागलं.

सुरुवात बुदैयाला झाली. हायवे सोडून आतल्या गावात एका सहकाऱ्याकडे जेवायला गेलो होतो. गल्लीच्या कोपऱ्यावर एक बंद कोल्ड स्टोअर होतं. इथे गल्लीतल्या किराणा दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात. त्याच्या ओट्यावर माणसाच्या उंचीचं एक लाल मशीन उभं होतं. डाव्या अंगाला अरुंद, उंच काचेचं दार. दारामागे काचेच्या बाटल्या आडव्या ठेवायच्या खाचा. नाणं टाकायचं, दार उघडायचं आणि बाटली मानेला धरून ओढून घ्यायची. लहानपणी मी असलं काही पाहिलं नव्हतं, त्यामुळे जुन्या आठवणी वगैरे दाटून यायचा प्रश्न नव्हता. मला ते नुसतंच आवडलं, दुसऱ्याच्या घरातलं एखादं कपाट आवडावं तसं.

दुकानाचे मालक वयस्कर बहरीनी गृहस्थ होते. मशीनच्या डोक्यावर कोंबड्यांच्या खाद्याची पोती रचलेली.

"ये खराब है. मफी ठंडा," ते अरबी मिसळलेल्या हिंदीत म्हणाले. मफी म्हणजे नाही.

"मुझे ऐसाच चाहिए," मी म्हणालो. ते इतके हसले की त्यांना खोकला आला. मग त्यांनीच मुलांना हाक मारली, पोती उतरवली आणि मशीन पिकअपमध्ये चढवून दिलं.

पुढच्या वर्षभरात आणखी दोन आली. एक मनामाच्या एका भंगारवाल्याकडून, एक बंद झालेल्या हॉटेलच्या गोदामातून. सनाबिसला आमचं तळमजल्याचं घर आहे, मागे पत्र्याची शेड. तिन्ही तिथे उभी केली. बायको म्हणाली, "तीन मेलेले फ्रीज आणलेस." मी तिला विंटेज या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. मग लाल मशीनची मागची बाजू उघडली, वायरी सोडवल्या, फोटो काढायला विसरलो आणि कुठली वायर कुठे होती ते मला पुन्हा कधीच कळलं नाही. चार महिने ते तसंच पोट उघडं टाकून पडलं होतं.

घरच्या एसीची सर्व्हिस करायला मेंटेनन्स कंपनीचा माणूस आला, तेव्हा ही परिस्थिती होती. पन्नाशी उलटलेले, बारीक अंगाचे, डोक्यावर कंपनीची टोपी. मी फोनवर मराठीत बोलताना ऐकून त्यांनी विचारलं, "साहेब कुठले?" मी पुण्याचा, ते गुहागरकडचे. बाहेरचं युनिट धुवायला मागे गेले आणि परतलेच नाहीत. बघायला गेलो तर लाल मशीनपुढे उकिडवे बसून आत टॉर्च मारत होते.

"ह्याच्यावरच हात बसलाय माझा," ते म्हणाले. "मुंबईला बाटल्यांच्या डेपोत होतो. एकोणीस वर्षांचा असेन." त्यांनी कॉम्प्रेसरवर तळहात ठेवला, आपण तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतो तसा. "हा जिवंत असंल ओ. वायरी कुणी तोडल्या?"

"असंच आलं होतं," मी म्हणालो.

हे पहिलं खोटं. तेव्हा ते मला खोटंही वाटलं नव्हतं.

त्यानंतर ते दर शुक्रवारी सकाळी यायला लागले, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी. मी पैसे विचारले तेव्हा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. रूमवर सहा जण झोपलेले असतात, मी जाऊन जाऊन जाणार कुठं?" बसचं भाडंही घेत नसत. मला ते सोयीचं वाटलं आणि मी पुन्हा विचारलं नाही.

ते काम करायचे, मी स्टुलावर बसून बघायचो. कॅपिलरी म्हणजे केसासारखी बारीक नळी, ती चोकअप झाली होती. त्यांनी ती कापून नवी जोडली. दाराचं रबर बाजारात मिळेना, तर कुठल्या तरी जुन्या फ्रीजच्या दाराचं आणून कापून बसवलं. नाणं पडल्यावर दाराची खिट्टी सुटायची, तो भाग त्यांनी चार शुक्रवार घासला, तेल घातलं, परत काढला, परत घासला. शंभर फिल्सचं नाणं आत खणकन वाजून खिट्टी सुटली, तेव्हा ते माझ्याकडे बघून नुसते हसले. मी काय केलं? रंग आणला. स्टिकर मागवले. दर आठवड्याला फोटो काढून ग्रुपवर टाकले. फोटोत मशीन असायचं, कधी मी असायचो. ते कधीच नसायचे. हे ठरवून केलं का? नाही. पण इतक्या फोटोंत माणूस एकदाही येत नाही, हे आपोआप होत नसतं.

चहा-पोहे मी शेडमध्ये नेऊन द्यायचो. बायको म्हणायची, "आत बोलव ना त्यांना, पंख्याखाली बसतील." मी म्हणायचो, "हात काळे असतात त्यांचे, त्यांनाच अवघडल्यासारखं होईल." ते जवळजवळ वर्षभर आले आणि टेबलाशी एकदाही बसले नाहीत. हात धुवायला आमच्याकडे साबण होता.

मशीन एका शुक्रवारी सकाळी थंड झालं. पहिली बाटली त्यांनी मला काढायला लावली. "साहेब, तुमच्या हातनं होऊ दे." बाटलीवर दव धरलं होतं. मी ती उघडून अर्धी त्यांना दिली.

त्या वर्षी इथल्या आमच्या मराठी मंडळाने गणपतीत सभासदांच्या छंदांचं प्रदर्शन ठेवलं. मी नाव दिलं. मशीन हॉलवर न्यायला, जोडायला, आदल्या रात्रीच लावून थंड करायला तेच आले. जाताना टोपी सारखी करत जरा घुटमळले.

"साहेब, मंडळी आलीय गावाहून. व्हिजिट व्हिसावर, महिन्याभरासाठी. पहिल्यांदाच आली. पुतण्याकडं उतरलोय. उद्या दाखवायला आणू का तिला?"

"आणा की! विचारता काय," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. माझ्यापुढे सगळ्यात मोठी रांग. मुलं नाणी टाकून बाटल्या ओढत होती, "इट्स ॲक्च्युअली कोल्ड!" म्हणून ओरडत होती, आणि त्यांचे आजोबा-आजी मुलांपेक्षा जास्त हरखले होते. मी नवा कुर्ता घातला होता. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई माइक घेऊन आल्या. मागे एकजण मोबाइलवर शूटिंग करत होता.

"किती वर्षं बंद होतं हे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, बुदैयाची गोष्ट रंगवून सांगितली. लोक हसले.

"आणि दुरुस्त कुणी केलं? मेकॅनिक मिळाला इथे असल्या कामाचा?"

तेवढ्यात मला ते दिसले. रांगेच्या कडेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी नाही. पहिल्यांदाच मी त्यांचे पांढरे झालेले केस पाहिले. शेजारी त्यांची बायको, हिरवी साडी, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. ते तिला बोटाने मशीन दाखवत होते. पुढे बरेच दिवस मी माझ्या बायकोला सांगत राहिलो की मी त्यांना पाहिलं नव्हतं, नंतर लक्ष गेलं. मी त्यांना पाहिलं होतं. पाहिलं आणि मग उत्तर दिलं.

"मीच केलं," मी म्हणालो. "इंटरनेटवर बघून बघून. थोडं डोकं चालवलं, झालं. शेवटी इंजिनिअर आहे."

टाळ्या वाजल्या. बाई म्हणाल्या, "बघा, याला म्हणतात जिद्द!"

का बोललो? आजही मला नीट सांगता येत नाही. एक वाक्य पुरलं असतं: हे बघा, हे उभे आहेत, यांनी केलं. टाळ्या काही कमी झाल्या नसत्या; कदाचित जास्तच झाल्या असत्या. पण त्या क्षणी मला वाटलं, मग मी काय केलं असं कुणी विचारलं तर? रंग?

गर्दी जरा ओसरल्यावर ते दोघं पुढे आले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. आणि बोलावं असंही वाटलं. ते बायकोला म्हणाले, "बघ, साहेबांनी कसं नव्यासारखं केलंय."

त्या माउलीने मला नमस्कार केला. "छान झालंय हो," म्हणाली. मी दोन बाटल्या काढून दिल्या आणि नाणी मीच टाकली, हे लोकांना दिसेल असं. त्यांनी आपली बाटली तिथे प्यायली नाही. तिची मात्र उघडून दिली, पाठीमागे जाऊन, कुणाच्या मध्ये न येता उभे राहिले, आणि ती प्यायल्यावर दोन्ही बाटल्या घेऊन निघून गेले.

व्हिडिओ सगळ्या ग्रुपांवर फिरला. ऑफिसात माझा साहेबही "यू आर अ मॅजिशियन" म्हणाला. मी दर वेळी मान हलवून हसलो.

शुक्रवारी ते आले नाहीत. त्यांची बायको इथे असल्यामुळे असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पुढचे तीन शुक्रवारही आले नाहीत. त्यात हॉलवरून घरी आणलेलं मशीन थंड होईना. मी दोन दिवस इंटरनेटवर बघितलं आणि शेवटी लाज गुंडाळून त्यांना फोन केला.

"येतो की," ते म्हणाले, आणि आले. त्यांची बायको गावी परत गेली होती. त्यांनी मागचं पत्र्याचं झाकण काढलं, मला शेजारी बसवलं आणि या वेळी प्रत्येक गोष्ट सांगायला लागले. हा रिले, हा थर्मोस्टॅट, ही वायर हलली की असं होतं. आधी कधी एवढं बोलत नसत. माझ्या हातात टेस्टर दिला, माझ्याकडून वायर काढून घेतली, परत लावून घेतली.

"त्या दिवशी हॉलमध्ये मी जे..." मी सुरुवात केली.

"टॉर्च जरा खाली धरा, साहेब," ते म्हणाले.

मी टॉर्च खाली धरली. पुन्हा विषय काढायचं धैर्य मला झालं नाही. काम झाल्यावर मी म्हणालो, आत या, जेवून जा. ते म्हणाले, "नको, अंग मळलंय." माझंच वाक्य, त्यांच्या तोंडून.

चार महिन्यांनी त्यांचं कंपनीतलं काम संपलं. मला ते दुसऱ्याच मेकॅनिककडून कळलं, तो एसीची सर्व्हिस करायला आला तेव्हा. "वो तो खलास करके गाँव गया," तो म्हणाला. ते मला न भेटता गेले यात नवल नव्हतं. तरी मला राग आला, आणि मग त्या रागाचीच लाज वाटली.

मी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी संपवली, मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग?"

म्हणून मी कंपनीतून त्यांच्या गावचा नंबर मिळवला आणि फोन लावला. त्यांच्या बायकोने उचलला. मी बहरीनहून बोलतोय म्हटल्यावर लगेच म्हणाली, "हां, बाटल्यांच्या मशीनवाले साहेब. हे नाहीत ओ घरी. शाळेचा पाण्याचा कूलर बघायला गेलेत."

मी थांबलो नाही, थांबलो असतो तर फोन ठेवला असता. "वहिनी, ते मशीन मी केलं नव्हतं. सगळं त्यांनीच केलं. मी हॉलमध्ये खोटं बोललो."

"मला ठाऊक आहे ना," ती शांतपणे म्हणाली. "आम्ही येताना बसमधनं सगळं सांगितलंन मला. कुठली नळी कापली, कुठलं रबर कुठनं आणलं. म्हणून तर मी बघायला आले होते."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बोलणार होते. यांनी हात दाबला माझा."

पलीकडे कोंबडं ओरडत होतं. ते आले की मी फोन केला होता असं सांगा, एवढं म्हणालो.

"सांगते," ती म्हणाली. "पण ते करतील असं नाही हं उलटा फोन."

त्यांनी केला नाही. पुढच्या गणपतीत मंडळाने मशीन पुन्हा मागितलं, तेव्हा मी समितीला खरं काय ते लिहून पाठवलं आणि स्टेजवरून वाचून दाखवा म्हटलं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंचा फोन आला. "अहो, एवढं कशाला? मदतनीस सगळ्यांनाच लागतात," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "मदतनीस मी होतो," मी म्हणालो. त्या हसल्या. त्यांना तो माझा विनय वाटला. कार्यक्रम लांबला म्हणून ते वाचायचं राहून गेलं, आणि मीही उठून माइक मागितला नाही.