हिरव्या बटणाची बॅग

विमानतळाच्या पोटात, सामानाच्या पट्ट्याच्या बरोबर खाली, बिनखिडकीची एक खोली होती. ज्या बॅगांचा मालक सापडत नाही त्या तिथे येत. एकोणीस वर्षं त्या खोलीत काम करणाऱ्या बाईंना सगळे घडीबाई म्हणत. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं.

काम ठरलेलं. बॅग आली की आधी बाहेरची चिठ्ठी शोधायची. ती नसली, आणि बहुधा नसायचीच, की जोडीदाराने कुलूप तोडायचं. हा जोडीदार म्हणजे कुलूपतोड्या. निवृत्तीला आलेला, जिभेला हाड नसलेला माणूस. मग घडीबाईंनी आतली एकेक वस्तू काढून कुठे नाव, पत्ता, फोन मिळतो का ते बघायचं आणि जे ज्या क्रमाने निघेल ते त्याच क्रमाने वहीत उतरवायचं. क्रमाला महत्त्व होतं. काळ्या बॅगा शंभरात ऐंशी. "वर निळा टॉवेल, खाली बूट" असं जो सांगेल तोच मालक. नव्वद दिवसांत कोणी आलं नाही तर बॅग निकालात निघे.

या कामाने घडीबाईंना एक खोड लावली होती. नात्यात कोणी प्रवासाला निघालं की त्या आधी विचारायच्या, "बॅगेला काय बांधलंय? आत झाकणाला नावाची चिठ्ठी लावलीस का? नुसती बाहेर नको, बाहेरची पट्ट्यात फाटते." एकदा भाचीच्या साखरपुड्यातही त्यांनी हेच काढलं, तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, आधी त्यांना लग्न तरी करू दे."

दुसरी खोड जन्माची. चुरगळलेलं कापड त्यांना बघवत नसे. कुलूप तुटलं की त्या सगळं टेबलावर ओतायच्या, सदरा न् सदरा चौकोनी घडीत घालायच्या, सदरे एकीकडे, मोजे एकीकडे, आणि मग वही उघडायच्या. सदरे चार. स्वेटर एक. मोजे तीन जोड. क्रम त्यात कुठेच नसे, पण साहेबांनी एकदा ती वही पाहून "यादी असावी तर अशी" म्हटलं, आणि तो विषय तिथेच संपला.

एका मंगळवारी दुपारी फोन वाजला. पलीकडे म्हातारा आवाज होता, सावकाश बोलणारा.

"काळी बॅग आहे. चाकांची. मुठीला हिरवं बटण शिवलेलं आहे का बघा. कोटाचं, मोठं."

घडीबाईंना बघायला जावं लागलं नाही. तिसऱ्या फळीवर होती ती. बटण पहिल्याच दिवशी त्यांच्या नजरेत भरलं होतं. कोणीतरी ओळख पटावी म्हणून मोठ्या हौसेने, दुहेरी दोऱ्याने शिवलेलं. पण बटणाला नाव नसतं, आणि आत चिठ्ठी नव्हती.

"आहे, काका. पण सत्तर दिवस झाले की. इतके दिवस कुठे होतात?"

"मी उतरलो, फोन चालू केला आणि मुलाचा निरोप होता. मी विमानात असतानाच ही गेली. पट्ट्याकडे गेलोच नाही. पुढच्या विमानाने तसाच परतलो. ती म्हणाली होती, आत नाव टाका. मी म्हटलं, बटण पुरे. बाई, ती बॅग तिने भरलीय. मला सामान नकोय. ती तशीच हवीय, तिने भरली तशी. तुम्ही उघडली असेल, नियमच असेल तुमचा. पण काही हलवलं नाही ना?"

"नाही," घडीबाई म्हणाल्या.

शब्द तोंडातून गेला तो गेला. तो येत्या सोमवारी येणार होता.

त्यांनी बॅग टेबलावर घेतली. आत त्यांच्याच हातच्या घड्या होत्या, चौकोनी, दुकानातल्यासारख्या. वहीत फक्त सदरे चार, स्वेटर एक.

"इतकं काय मनाला लावून घेता?" कुलूपतोड्या म्हणाला. "सदरा तो सदरा. म्हाताऱ्याला काय कळतंय?"

"जन्मभर तिने भरलेल्या बॅगेतून सदरे काढले असतील त्यांनी. त्यांना नाही तर कोणाला कळणार?"

"मग सांगून टाका."

"सांगते. आधी बघते काय जमतंय ते."

कापड आपल्या घड्या सहजासहजी विसरत नाही. घडीबाईंनी सदरे दिव्याखाली धरले. त्यांच्या चौकोनी रेषांखाली दुसऱ्या खुणा होत्या, मऊ, गोलसर, आडव्या. म्हणजे तिने घड्या घातल्याच नव्हत्या. गुंडाळ्या केल्या होत्या. कॉलरीत काहीतरी खोचलेलं होतं, कॉलर अजून उभी राहत होती. रुमाल असावा. मोज्यांना बुटाच्या पुढच्या टोकाचा आकार आला होता. रोज जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून घडीबाई एकेक गुंडाळी करत, उलगडत, पुन्हा करत. हाताला वळण नव्हतं, गुंडाळी सैल पडे. आणि मग वाटे, मागे कोणीतरी उभं आहे. बोलत नाही, अंगावर येत नाही. नव्या सुनेचे हात सासूने बघावेत तसं नुसतं बघतंय. त्या वळत नसत. गुंडाळी सोडून पुन्हा घालत.

गुरुवारी गुंडाळी घट्ट बसली. हात आपोआप फिरले, शेवटी अंगठ्याने कड आत सारली, आणि ती अंगठ्याची लकब आपली नव्हे हे त्यांना जाणवलं. शनिवारी घरी नवऱ्याने कपाट उघडलं.

"हे काय? माझे सदरे पोळीसारखे गुंडाळलेत की."

घडीबाईंनी पाहिलं. आपण हे कधी केलं ते त्यांना आठवेना.

एकच गोष्ट राहिली होती. चष्म्याची पेटी. ती कुठल्याच कापडावर खूण सोडून गेली नव्हती. त्यांनी ती उजव्या कोपऱ्यात, स्वेटरखाली ठेवली.

सोमवारी तो आला. उंच, कोट नीट घातलेला, हातात एक छोटी किल्ली. कुलूप तोडावं लागलं हे ऐकून त्याने किल्ली खिशात ठेवली. घडीबाई सांगायचं म्हणून तोंड उघडत होत्या, तोवर त्याने चेन ओढून झाकण वर केलं.

तो बॅगेवर वाकला. मग सदऱ्यांवर तळहात ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा.

"बघा," तो म्हणाला, "कशी भरायची ती."

कुलूपतोड्याने घडीबाईंकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच खुणावलं, गप्प बसा. त्या गप्प बसल्याही असत्या. त्यांना वाटलं, झालं, सुटलो आपण, आणि तेही सुटले.

मग त्याचा हात डाव्या बाजूला गेला आणि तिथे चाचपडला. उजवीकडे स्वेटरखाली त्याला पेटी सापडली. ती हातात घेऊन तो खुर्चीवर बसला.

"चष्मा ती डाव्या बुटात घालायची. चाळीस वर्षांत कधी चुकली नाही." त्याने पेटी उलटसुलट केली. "म्हणजे त्या दिवशी तिला बरं वाटत नव्हतं. हात चळत होता तिचा, डोकं ठिकाणावर नव्हतं. आणि मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. एकदा बॅगेत डोकावलो असतो तर गेलो नसतो मी."

घडीबाईंच्या पाठीमागे कोणीतरी जवळ आलं. इतके दिवस लांबून बघणारं, ते आता अगदी खांद्याशी. थंड काही लागलं नाही, स्पर्श झाला नाही. फक्त आता आपल्या हातून घाई नको, एवढं त्यांना कळलं.

"काका, पेटी मी ठेवली तिथे."

त्याने वर पाहिलं.

"सगळंच मी भरलंय. मी तुमची बॅग ओतली होती. घड्या घातल्या होत्या. फोनवर खोटं बोलले. मग कापडावरच्या खुणा बघून बघून पुन्हा केलं. पेटीची खूण मिळाली नाही. डाव्या बुटात असेलही ती, ती काढताना मी लक्ष दिलं नाही. चूक माझी आहे, त्यांची नाही."

वरचा पट्टा सुरू झाला. बॅगा धडधडत डोक्यावरून गेल्या आणि पट्टा थांबला.

"हे सदरे?"

"मीच गुंडाळलेत."

"अंगठ्याने कड आत सारून?"

"हो."

"ते कोणी शिकवलं तुम्हाला?"

घडीबाईंनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. त्याने पेटी डाव्या बुटात घातली, झाकण लावलं, आणि म्हणाला, "म्हणजे तिला बरं वाटत होतं."

"ते मला सांगता यायचं नाही, काका. पण चष्म्यावरून तरी बरं नव्हतं असं म्हणता येणार नाही."

"तेवढं पुरे." त्याचा आवाज कोरडा होता. रागावला होता की नाही, कळायला मार्ग नव्हता. "तिचं भरलेलं गेलं ते गेलंच म्हणा."

ताब्याच्या कागदावर छापलं होतं, सामान जसे होते तसे मिळाले. तिथे त्याचं पेन अडलं. घडीबाईंनी कागद आपल्याकडे ओढला, पट्टी लावून "जसे होते तसे" एवढे शब्द खोडले, बाजूला आपली सही केली आणि कागद परत सरकवला. त्याने खाली सही केली.

बॅगेला चाकं होती, पण त्याने ती ओढली नाही. आडवी, दोन्ही हातांवर घेतली, आतलं काही हलू नये अशी, आणि लांबलचक बोळातून तो हळूहळू चालत गेला.