अर्धा लिटर तेल, नरसाळ्यावाचून

मी गाडीच्या इंजिनात नरसाळ्याशिवाय तेल ओतलं आणि त्यातलं निम्मं अल्टरनेटरवर सांडलं.

कारण विचाराल तर ऐट. लग्नाच्या पंगतीत तूप वाढायला मला मुद्दाम बोलावतात. माझी धार कधी पोळीबाहेर जात नाही. त्याच तोऱ्यात मी कॅन वीतभर उंच धरला. कॅनने एक उचकी दिली आणि तेल भसकन बाहेर. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर नेमका त्याखाली. न्हाऊनच निघाला बिचारा.

दिवसही काय निवडला! मेहुण्याच्या मुलाचा साखरपुडा कोपरगावला, मुहूर्त एकचा, आणि नवरीचा शालू इथे भिंगारला आमच्या कपाटात. बायको नवरदेवाची आत्या. शालू तिच्याच पसंतीचा, नेण्याचा मानही तिचाच. दहाला निघायलाच हवं होतं, आणि सात वाजून गेले होते.

घाबरून मी अंगणातला पाण्याचा पाइप ओढला.

"अहो! पाइप खाली ठेवा आधी."

बायको दारात उभी. तिच्या वडिलांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाणबुडी मोटारी बघतच ती वाढलेली.

"जोराचं पाणी मारलं की तेल आणखी आत जाईल. बेअरिंगचं ग्रीसही जाईल."

"मग पेट्रोलने पुसू?"

"पुसा की. एक ठिणगी उडाली की शालूसकट आपणच पेटू."

तिने बाह्या सारल्या. इंजिन गार असल्याची हात लावून खात्री केली, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली, माझ्या जुन्या बनियनने वरचं तेल टिपून घेतलं. मला स्पेअर पार्टवाल्याकडे पिटाळलं. त्याला शटर उघडायला लावून मी कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणला. मग थोडा फवारा, मऊ ब्रश, पुन्हा कापड. अल्टरनेटर फिरवणारा पट्टा साबणाच्या ओल्या फडक्याने वेगळा पुसला; तेलकट राहिला तर घसरतो म्हणे. माझं काम एकच, मागेल ते हातात देणं. तिने ब्रश मागितला, मी पक्कड दिली.

"आता सुरू करू?"

"तासभर वाळू द्या. वास पुरता जाऊ दे."

तो तास आम्ही पायरीवर चहा पीत काढला. ती उघड्या बॉनेटकडे बघत गुणगुणत होती. माझ्यावर ओरडायचं राहूनच गेलं तिचं, आणि आठवण करून देण्याइतका मीही खुळा नाही.

मग उरलेलं तेल तिनेच भरलं, नरसाळ्याने. तार जोडली, सेल मारला. धूर नाही, कुरकुर नाही, बॅटरीचा दिवा विझला. तिने मीटर लावला. चौदा व्होल्टच्या थोडा वर.

"होतंय चार्जिंग. चला."

साडेबाराला आम्ही मांडवात होतो. बेसन झालं, लिंबू झालं, तरी तिच्या नखांतलं काळं काही गेलं नव्हतं. फिकट शालूला डाग नको म्हणून त्याचं ताट मी उचललं आणि बायकांच्या घोळक्यातून मिरवत नेलं. सासरे बघतच राहिले. माझे स्वच्छ हात पाहिले, लेकीची नखं पाहिली, तिच्याकडून सगळी हकीकत ऐकून घेतली. मग अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"जावईबापू, माझंच चुकलं. हिला दुकान द्यायला पायजे हुतं. तुमाला उगंच पोरगी दिली."