वेगळ्या फेजवरचं घर

आमच्या समोरच्या घरातले भाऊ फार छान रडतात. मला त्यांचा हेवा वाटतो, सरळच सांगतो. माझी उभी हयात खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरी करण्यात गेली. तिथे रडून कधी एक दिवाही लागला नाही. पण हुडकेश्वरच्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, कमिटीचा अध्यक्ष व्हायला कोणती लायकी लागते, ते निवृत्तीनंतर कळलं.

उन्हाळ्यात सगळ्यांचे कूलर सुरू झाले की आमची लाइट जायची. कारण साधं होतं. खांबावर फेज तीन, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन वेगळ्या तारा, आणि झाडून सारी घरं एकाच फेजवर; तिला एवढा भार पेलत नव्हता. अध्यक्ष निवडायच्या सभेत मी हे फळ्यावर काढून दाखवलं. घरं तिन्ही फेजवर वाटू, रीतसर अर्ज देऊ, कटकट मिटेल, म्हटलं. लोक माना डोलावत होते. अध्यक्षपद आपल्या खिशात, असंच मी धरून चाललो.

मग भाऊंनी माइक घेतला. डोळ्यांत पाणी.

"वाटू म्हणता? आजवर गेली तं साऱ्यांची गेली, आली तं साऱ्यांची आली. एकाच्या घरी उजेड अन् शेजारी अंधार, हेच पाहाले आलो का आपण इथं? काहून तोडून राहिले जी लेआउटले?"

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. भाऊ अध्यक्ष झाले. हात वर करणाऱ्यांत माझी बायकोही होती. "तुमचं बरोबर होतं," ती घरी म्हणाली, "पण त्यांचं मनाले लागलं." माझा नुसता जळफळाट झाला. आरशासमोर उभं राहून मीही रडून पाहिलं. शिंक आली.

मी गुपचूप अर्ज देऊन एकट्याचं घर दुसऱ्या फेजवर घेतलं. मे महिन्यात एका संध्याकाळी साऱ्यांची लाइट गेली, माझी राहिली. आता येतील झक मारत, म्हणून दार सताड उघडं ठेवून कूलरसमोर बसलो. कुणी फिरकलं नाही. भाऊंच्या अंगणात खाटा पडल्या, टरबूज कापलं गेलं. भाऊ पुठ्ठ्यानं एकेकाला वारा घालत होते, आणि ज्याच्यापायी घाम गाळत बसले त्यालाच लोक देवमाणूस म्हणत होते. "आलेच" म्हणून गेलेली बायको तिकडचीच झाली. तिचं हसणं मला इथपर्यंत ऐकू येत होतं. माझ्याजवळ ती असं कधी हसली, आठवेना.

मी उठलो, मेन स्विच खाली पाडला आणि रस्ता ओलांडला.

"तुमचीही गेली का?" भाऊंनी खाटेवर सरकून जागा दिली.

"गेली," मी म्हटलं.

"आता तुम्ही आमचे झाले," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.