लाइव्ह अडकलं, प्रमाणपत्र पोचलं

मंडळी, आज आमच्या चाकणच्या कंपनीत पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवरच्या सुरक्षेचं लाइव्ह प्रशिक्षण झालं. कॅन्टीनच्या टीव्हीसमोर सगळी शिफ्ट बसवली होती.

"मशीन बंद केल्यावर आत हात घालण्याआधी सर्वात महत्त्वाचं म्हणजे..." एवढं बोलून पडद्यावरचे साहेब तोंड उघडं ठेवून थिजले.

उद्यापासून प्रेसवर उभा राहणारा सलीम म्हणाला, "मॅडम, म्हणजे करायचं काय?"

एचआरच्या मॅडम आमचे फोटो काढत होत्या. "चॅटमध्ये विचारा ना, भाऊ!"

साहेब थिजलेलेच होते, तेवढ्यात सगळ्यांच्या मोबाइलवर 'प्रशिक्षण पूर्ण' असं प्रमाणपत्र आलं.

मी उठलो, सलीमला मशीनपाशी नेलं. "भावा, वरचा साचा खाली येऊ नये म्हणून आधी हा आधाराचा ठोकळा लाव, मगच हात घाल."

मधेच उठलो म्हणून मॅडमनी माझी गैरहजेरी लावली.

तुमच्याकडे हजेरी कशी घेतात? फोटोतली तोंडं मोजून, की हातांची बोटं?