रंभाबाईची फीत

धुडकू रेल्वेत खलाशी, म्हणजे मजूर-मदतनीस. सुरतेतल्या लिंबायतच्या भीमगीत मंडळाने १९६९ साली जुना टेपरेकॉर्डर घेतला, तो सांभाळायला त्याच्याकडे दिला, माणूस टापटिपीचा. सुरतेच्या पावसाळ्यात ट्रंकेतल्या कपड्यांनाही बुरशी धरते, मग यंत्राचं काय! धुडकूने लाकडी पेटी केली, आत ओल शोषायला कळीच्या चुन्याची पुरचुंडी ठेवली आणि चाळीसचा बल्ब रात्रंदिवस पेटता ठेवला. यंत्राला ते मानवलं. पण त्याच उबेत त्याने रंभाबाईची फीतही ठेवली.

रंभाबाई त्याची बायको, मंडळाची गायिका. ती ७१ साली गेली. मागे तिचं एकच गाणं राहिलं, या फितीवर.

दोन वर्षांनी एका दुपारी त्याने फीत लावली. गाणं सुरू व्हायच्या आधी, रिकाम्या खरखरीत, रंभा अगदी हळू गायली. मग तीच ओळ मोठ्याने आली. शेजारची चंपाबाई दारातच थबकली.

"भाऊ, वैनी तुले हाका मारी ऱ्हायनी!"

"गप वं! गाणंच शे ते."

तो यंत्र घेऊन बन्सीलाल रेडिओवाल्याकडे गेला. बन्सीलाल हसला. "अरे काका, भूत कसलं! फीत गरम झाली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उतरतो. बल्ब काढा. आणि लावण्याआधी फीत दोनदा पुढे-मागे फिरवा, कमी होईल."

धुडकूला पटलं. पण बल्ब काढवेना. दमटपणा शिरला तर फीतच जायची. शिवाय रंभा आता दर खेपेला जरा आधीच येत होती. तो रोज दुपारी कान लावून बसू लागला.

आषाढात एकदा त्या खरखरीतून गाण्याची ओळ आलीच नाही. रंभाच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "धुडकू."

त्याने झटक्यात बटण दाबलं. लग्नातल्या उखाण्यानंतर रंभाने नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. तापात बरळतानासुद्धा "आयकं का" एवढंच.

त्याने जळता बल्ब हाताने पिळून काढला. बोटं पोळली.

श्रावणात फितीच्या कडेला पांढरी बुरशी आली. भाद्रपदापर्यंत सुरुवातीची खरखर आणि गाण्याचं पहिलं कडवं गेलं. चंपाबाई कळवळली, "भाऊ, बल्ब लाव ना रे! वैनीना आवाज जाई ऱ्हायना."

"जाऊ दे," धुडकू म्हणाला. "रंभानी मनं नाव कधी लिधं नही. नाव लेनारी ती कोण व्हती, माले माहीत नही."

उरलेली दोन कडवी तो बुरशी पुसून पुसून ऐकत राहिला.