स्टुडिओने नेसवलेली साडी

आई गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एकही धड फोटो घरात नव्हता. आधार कार्डावरचा घेऊन मी अमळनेरच्या एका स्टुडिओत गेलो. तिथल्या माणसाने कॉम्प्युटरवर आईला जांभळी, जरीकाठाची साडी नेसवली, सुरकुत्या पुसल्या, चेहरा उजळला. साडी मीच पसंत केली. जन्मभर जुनेरंच नेसली, निदान फोटोत तरी चांगली असावी, असं वाटलं. वडिलांनी फ्रेम हातात धरून एवढंच विचारलं, "हाई कोन शे?" मला राग आला. आबांना आता नीट दिसत नाही, असं म्हणून मी खिळा ठोकला.

परवा त्यांना डोळे दाखवायला धुळ्याला नेलं होतं. वेळ होता, म्हणून शेजारच्या सभागृहात एका फोटोग्राफरचं प्रदर्शन बघायला शिरलो. रंगीत फोटो, पण सगळं रोजचंच. नळावरच्या बायका, सायकलचं दुकान. यात बघायचं काय, असं पुटपुटत मी पुढे गेलो. आबा मागेच एका फोटोसमोर थांबले होते.

त्या फोटोत आमच्या गल्लीतली गच्ची होती. उन्हात कुरडया वाळत घातलेल्या, आणि त्यांच्यापाशी पाठमोरी बसलेली एक बाई. चेहरा दिसतच नव्हता. विटकी पोपटी साडी, पदराला आईनेच लावलेलं ठिगळ.

"उनमा बठेल शे ती," आबा म्हणाले, आणि आपली सावली तिच्यावर पडेल असे जरा सरकून उभे राहिले.