शिक्का मारणाऱ्याचा मंत्र

बीदरच्या तालुका कचेरीत खिडकीमागचा कारकून प्रत्येक कागदावर शिक्का मारला की डोळे मिटून "इदं न मम" म्हणायचा. मी विचारलं, "कामून?"

"अक्का, यज्ञात आहुती टाकून 'हे माझं न्हाई' म्हणतात. मीबी शिक्का मारून सोडून देतो. कितीबी कागद येऊ द्या, डोकं दुखत न्हाई."

माझ्यापुढच्या म्हाताऱ्याला मात्र ते कन्नड वाटलं. 'इदु नम्म', म्हणजे हे आमचं. त्यानं आपल्या शेताची पहाणी, म्हणजे इकडचा सातबारा, खिडकीतून मागं ओढली.

"तुमचं कसं? माझ्या बापाचं शेत हाय."

अर्थ सांगून उपयोग झाला नाही. रांग तुंबली. शेवटी कारकुनानं शिक्का मारून म्हटलं, "हे तुमचं, अप्पा."

त्यानंतर ते ऐकल्याशिवाय कुणीच खिडकी सोडेना. मीही सोडली नाही.